डावा खिसा

त्या सकाळी धुकं इतकं दाट पडलं होतं की रस्त्यापलीकडचा दिव्याचा खांब गायब झाला होता आणि दिवा तेवढा हवेत टांगून ठेवल्यासारखा दिसत होता. लोक मफलर गुंडाळून, एकमेकांवर आदळत, एकमेकांना ‘अहो जरा बघून’ म्हणत कामाला निघाले होते. बघणार काय, कपाळ! माळीकाका मात्र खुशीत होते. अशा ओलसर हवेत कुंड्यांची माती लवकर सुकत नाही. म्हणजे पाणी कमी, म्हणजे हातातला कॅन हलका, म्हणजे कंबरेला जरा सुट्टी. नर्सरीच्या टेम्पोने त्यांना बँकेच्या मागच्या दाराशी उतरवलं तेव्हा ते चक्क शीळ घालत जिना चढले.

माळीकाका हे नाव त्यांना कचेऱ्यांनी दिलं होतं आणि ते साफ चुकीचं होतं. या माणसाने उभ्या आयुष्यात कुदळ हातात धरली नव्हती. त्यांची नर्सरी कुंडीतली झाडं भाड्याने द्यायची. बँकांना, वकिलांच्या कचेऱ्यांना, एका दातांच्या दवाखान्याला. माळीकाकांनी रोज या सगळ्यांकडे फेरी मारायची आणि झाडं टवटवीत ठेवायची. ठेवायची म्हणजे काय, दिसतील अशी ठेवायची. लोक भाडं द्यायचे ते हिरव्या रंगाचं. झाड आतून कितीही कण्हत-कुथत असलं तरी गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागता कामा नये.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. आधी मातीत बोट खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. बोटाला माती चिकटून आली तर पुढे चालायचं, बोट कोरडं निघालं तर पाणी. मग खालून तळवा लावून, लहान पोराचं तोंड पुसावं तसं, ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं. मग कुंडी थोडी फिरवायची, म्हणजे झाड उजेडाकडे मान वाकडी करून बसत नाही. हे करता करता कोणता साहेब उरलेला चहा कुंडीत ओततो, कोण मातीत थोटूक विझवतो, कोणाचं घरी बिनसलं की तो पानांची टोकं कुरतडत बसतो, हे सगळं त्यांना आपोआप कळायचं. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना ते एकदा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते की बाई, तुमच्या झाडाची साखर वाढलीय. बाई आठवडाभर ओशाळल्यासारख्या होत्या. मग बिनसाखरेचा चहा ओतू लागल्या.

पण सगळ्यात मोठं काम म्हणजे पिवळं पान. पिवळं पान दिसलं की गिऱ्हाईक नर्सरीला फोन करायचं, त्यामुळे ते कोणाच्या नजरेला पडायच्या आत खुडायचं. खुडून टाकायचं कुठे? तिथल्या केराच्या टोपलीत नाही, कारण बँकेतल्या झाडूवालीने एकदा भर कचेरीत त्यांचा उद्धार केला होता, तुमच्या झाडांचा पाला मी का म्हणून उचलू? तेव्हापासून पाला खिशात. नर्सरीचा हिरवा कोट होता, मांडीपर्यंत लांब, दोन्ही बाजूंना पिशवीएवढे खिसे. उजव्यात कात्री, फडकं आणि चष्मा. डाव्यात पाला. पान घडी घालायचं, बोटभर तुकडे करायचे आणि कोंबायचे. संध्याकाळी नर्सरीत परतलं की खताच्या खड्ड्यावर उभं राहून डावा खिसा उलटा करून झटकायचा. इतकी वर्षं हे चाललेलं की त्यांचा हातच ते करायचा. डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

त्या धुक्याच्या दिवशी बँकेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ठिपकीची दोन पानं पिवळी पडली होती.

ठिपकी हे माळीकाकांनी ठेवलेलं नाव. जाड देठाचं, थोराड पानांचं झाड. पानावर पांढुरके शिंतोडे, कोणी रंगाचा ब्रश झटकल्यासारखे. अंधाऱ्या कोपऱ्यातही मजेत वाढतं, म्हणून कचेऱ्यांचं ते लाडकं. पण त्याचा चीक वाईट. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माळीकाकांनी ठिपकीचं पान खुडलं आणि त्याच हाताने मिशी पुसली. ओठ सुजून पाव झाला. जीभ पेटली. त्यांना काम शिकवणारा उस्ताद पोट धरून हसला आणि म्हणाला, आता तू या धंद्यात आलास. पुढे माळीकाका हा किस्सा प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, ओठ पुढे काढून तसं बोबडं बोलून दाखवायचे आणि कचेरीच्या कचेरी हसवायचे.

ती दोन पानं त्यांनी खुडली, घडी घातली, तुकडे केले आणि डाव्या खिशात कोंबली. मग पुढच्या कुंडीकडे वळले.

घरी त्यांच्याबरोबर ताई राहायची. थोरली बहीण. नवरा गेल्यावर हवापालट म्हणून चार दिवस आली होती ती कायमचीच राहिली. धाकट्याने लग्न केलं नव्हतं. त्याला जाब विचारायला घरात कोणीतरी हवंच होतं, असं तिचं म्हणणं. ताईची सगळी हयात बटणांच्या कारखान्यात गेली होती. पट्ट्यावरून बटणं वाहत यायची आणि तिने त्यातून वाकडं, तडकलेलं, भोक चुकलेलं बटण बोटाने टिपून बाजूला उडवायचं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तिच्या बोटांना कामच उरलं नाही. ताटातल्या भातातून ती खडे नसले तरी शोधायची. माळीकाकांच्या तर ती माणूस म्हणूनच चुका टिपायची.

मग खालच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं आणि जाताना त्यांची दोन गिनिपिग ताईच्या हातात देऊन गेलं. दोन दिवस सांभाळा म्हणाले होते. ते लोक काही परत आले नाहीत. ज्या बाईने जन्मात कुत्र्याच्या पिल्लाला हात लावला नव्हता, ती आठवडाभरात त्या दोन गोळ्यांना मांडीवर घेऊन बातम्या बघायला लागली. एक काळी-पांढरी, अंगाने गुबगुबीत, केस असे मऊ की हात लावताच घसरावा. ती मखमल. दुसरी तांबूस, चणीने एवढीशी, पण खायला आधी आणि ओरडायला सगळ्यात पुढे. ती पावशेर. पावशेर ताईच्या बोटाला नाक लावायची, आणि ताई दम धरून बसायची, हलायची नाही, खाज आली तरी नाही. माळीकाकांनी हे दारातून बघितलं होतं. नवरा गेल्यापासून बहिणीचा चेहरा असा सैल पडलेला त्यांनी बघितला नव्हता. पावशेर जगली तर ताई जगते, एवढं गणित त्यांना तेव्हाच कळलं होतं.

अडचण एकच. घर झाडांनी भरलेलं. कचेऱ्यांतून मरायला टेकलेली झाडं माळीकाका घरी आणायचे आणि हवा-पाणी देऊन उभी करायचे. गच्चीवर, खिडकीत, न्हाणीघराच्या दारात, जिकडे तिकडे दुखणाईत कुंड्या. ताईने कमरेला पदर खोचून जाहीर केलं की या घरात आता एक तर तुझी झाडं राहतील, नाहीतर माझ्या पोरी.

माळीकाका वाद घालायच्या भानगडीत पडले नाहीत. पहिली ठिपकी त्यांनी स्वतः उचलली आणि बाहेर काढली. कोणी सांगायची वाट बघितली नाही, ओठ अजून आठवत होता. मग गिनिपिगना पहिल्यांदा तपासायला नेलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. मनी प्लांट गेलं, कण्हेर गेली, लिलीचे कांदे गेले, कोरफड गेली. बाई एकेक नाव घेत होत्या आणि माळीकाकांचा चेहरा उतरत होता, जणू आपल्या सगळ्या नातेवाइकांची पोलिसांत नोंद असल्याचं त्यांना आजच कळत होतं. घरात एक नेचा तेवढा राहिला. तोही छताला टांगून.

मग माणूस पेटलाच. विजेच्या वायरी या प्राण्यांना कुरतडायला आवडतात म्हणे, म्हणून त्यांनी पाण्याची जुनी नळी उभी चिरून प्रत्येक वायरीवर चढवली. फिनेलची बाटली वरच्या फळीवर गेली. ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या झाकणाच्या डब्यात गेल्या, कारण एखादी खाली घरंगळली तर? प्लास्टिकच्या पिशव्यांना गाठी मारल्या. सतरंजीचे सुटे दोरे कापले. खुर्चीत बसण्याआधी खाली वाकून बघायचा कायदा झाला, आणि पाहुण्यांनाही तो लागू झाला. एक पाहुणे दोनदा वाकून तिसऱ्यांदा आलेच नाहीत. ताईने त्यांच्या नावाने सुटकेचा श्वास सोडला.

आता फक्त फ्रिजमागची वायर उघडी राहिली होती.

त्या दिवशी माळीकाकांनी नर्सरीला फोन करून सांगितलं की आज मी परस्पर घरी जातो. हार्डवेअरच्या दुकानातून नळीचा तुकडा घ्यायचा होता आणि दुकान धुक्यामुळे लवकर मिटणार होतं. नळी घेतली, काखेत मारली. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने रोजच्यासारखी कोथिंबिरीची उरलेली दांडकी पुढे केली आणि सुनांची खुशाली विचारली. गिनिपिगना ती माळीकाकांच्या सुना म्हणायची, खातात म्हणजे किती खातात! उजव्या खिशात कात्री, त्यामुळे कोथिंबीर नेहमीच डाव्या खिशात जायची. आजही गेली. एरवी तो खिसा खड्ड्यावर झटकून रिकामा झालेला असायचा.

घरात शिरले तेव्हा चष्म्यावर धुक्याचं पाणी जमलं होतं. तो त्यांनी काढून उजव्या खिशात टाकला. कोटाची सळसळ झाली मात्र, खोक्यातून दोघींनी शिट्टी सुरू केली. माळीकाकांच्या कोटाचा आवाज त्यांना पाठ होता. त्या शिट्टीने दिवसभराचा शीण पळतो असं ते कचेरीत सांगायचे. त्यांनी वाकून मूठभर काढलं आणि दिलं. पावशेर अर्थातच आधी. मखमलला नंतर तळाची दोन दांडकी मिळाली.

मग ते फ्रिजमागे शिरले. नळी बसवली. घामाघूम होऊन बाहेर आले, कंबरेवर हात ठेवून घरावर नजर फिरवली आणि म्हणाले, झालं. आता या घरात काही म्हणजे काही राहिलं नाही. ताईने चहा ठेवता ठेवता म्हटलं की तू राहिलास. दोघं हसले.

चहा अर्धा झाला असेल. ताईचा कप हातात थांबला. खोक्यातून नुसत्या मखमलच्या चघळण्याचा आवाज येत होता.

पावशेर कोपऱ्यात पाठ वाकवून बसली होती. हनुवटीखालचे केस ओलेचिंब. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि ती दोन्ही पुढच्या पायांनी तोंड घासत होती, पुन्हा पुन्हा, काहीतरी ओरबाडून काढायचं असल्यासारखी. ताईने बोट पुढे केलं. तिने नाक लावलं नाही.

माळीकाका सुटलेच. सगळ्या वायरी तपासल्या. नळ्या जागच्या जागी. फरशीवर ओणवे होऊन हात फिरवला. गोळ्यांचा डबा बंद, फिनेल वर, पिशव्यांच्या गाठी शाबूत. नेच्याचं एक पातं हललेलं नाही. हे कसं शक्य आहे? त्यांना खरोखर कळत नव्हतं. सगळं नीट होतं, म्हणून त्यांनी सगळं पुन्हा एकदा तपासलं. एखादी वायर कुरतडलेली सापडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

ताईने पावशेरला टॉवेलमध्ये घेतलं आणि दोघं निघाले. दवाखाना दोन गल्ल्या पुढे, अजून उघडा होता. धुक्यात चालता चालता भांडण पेटलं, खालच्या आवाजात, जनावराला ऐकू जाऊ नये म्हणून. तुझ्याच झाडांचं काहीतरी उरलं असणार, ताई म्हणत होती. घरात झाड आहे कुठे, ते म्हणत होते, तूच गच्चीचं दार उघडं टाकलं असशील, वरच्यांची वेल खाली लोंबते. दार मी उघडलंच नाही. मग कोणी उघडलं? शेवटी ताईने टॉवेल छातीशी आणखी आवळला.

डॉक्टरीणबाईंनी पावशेरला टेबलावर घेतलं आणि काय काय खाल्लं ते विचारलं. माळीकाकांनी छाती पुढे काढूनच सांगितलं. गवत, ढोबळी मिरची, कोथिंबीर. बाकी काही लागूच शकत नाही, बाई. तुम्ही सांगितलेलं एकूण एक झाड मी घालवलंय. वाटल्यास घरी येऊन बघा. बाईंनी मान हलवली, छोटा दिवा लावला, बारक्या चिमट्याने पावशेरचं तोंड उघडून धरलं. जीभ सुजून तिरकी झाली होती. त्यांनी दुसऱ्या चिमट्याने गालाच्या आतून काहीतरी हळूच ओढून काढलं आणि पांढऱ्या कापसावर ठेवलं.

नखाएवढा तुकडा. पिवळा. त्यावर फिकट शिंतोडा.

माळीकाकांनी उजव्या खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. अंधारातही ओळखलं असतं ते पान.

“ही ठिपकी आहे,” ते म्हणाले. “पण ही आमच्या घरात नाही. सगळ्यात आधी मी हिलाच बाहेर काढलंय.”

“मग ही आली कुठून?” बाईंनी विचारलं. आवाजात आरोप नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

माळीकाका त्या तुकड्याकडे बघत राहिले. एका कडेला सरळ फाटलेलं होतं. दातांनी नव्हे, बोटांनी. बोटभर तुकडे करायची ही रीत या सबंध गावात एकाच माणसाची होती.

त्यांचा हात आपणहून डाव्या खिशात गेला. बाहेर आला तेव्हा त्यात कोथिंबिरीचं एक ओलं पान होतं आणि त्याला चिकटलेले पिवळे, ठिपकेदार तुकडे. टेबलावर पावशेरच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती. माळीकाकांना वाटलं आपल्या कानात पाणी गेलंय. बाईंचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द लांबून येत होते. चीक नव्हे, बाई सांगत होत्या, त्यात सुयांसारखे बारीक कण असतात, ते जिभेत आणि गालात रुततात, म्हणून ती पाय घासतेय. या प्राण्यांना ओकता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच जातं. आणि खरी भीती विषाची नाही एवढी. तोंड दुखतं म्हणून ती खाणार नाही, आणि खायची थांबली की आतडं थांबतं. आतडं थांबलं तर मग माझ्या हातात फारसं राहत नाही.

माळीकाका ऐकत होते आणि त्यांना स्वतःचा ओठ आठवत होता. पाव झालेला ओठ. जीभ कशी पेटली होती, कसं पाणी घटाघटा प्यायलं तरी शमत नव्हतं. ती आग त्यांना ठाऊक होती. तिच्यावर त्यांनी आयुष्यभर लोकांना हसवलं होतं.

ताईने त्यांच्या तळव्यातले तुकडे बघितले. मग त्यांचा चेहरा बघितला. ती ओरडेल म्हणून त्यांनी मान खाली घातली होती. ती ओरडली नाही.

“धाकट्या,” ती म्हणाली, “तू तिला हाताने भरवलंस रे.”

बाईंनी तोंड धुऊन काढलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, सूज उतरायचं दिलं, पाठीच्या कातडीखाली सलाईनचं पाणी भरलं. गवताच्या भुकटीची लापशी कशी करायची, बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने थेंब थेंब कशी भरवायची ते दाखवलं. रात्रभर थोड्या थोड्या वेळाने. लेंड्या पडल्या तर समजा आतडं चालू आहे. निघताना त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं की हे पान एखाद्या लहान मुलाने चघळलं तरी असंच होतं, घसा सुजतो, म्हणून तेवढं ध्यानात ठेवा.

माळीकाका दारातच थबकले. दातांच्या दवाखान्यात एक कोपरा होता. छोट्या खुर्च्या, रंगीत ठोकळे, बसून कंटाळलेली पोरं. त्या कोपऱ्यात काय ठेवावं म्हणून डॉक्टरांनी विचारलं होतं आणि माळीकाकांनी सुचवलं होतं, ठिपकी ठेवा, अंधारात छान वाढते, पोरांना ठिपके आवडतात. ताईने मागे वळून बघितलं.

ती रात्र ताईने खुर्चीत काढली. सिरिंज तिने त्यांच्या हातात दिली नाही. त्यांनी मागितलीही नाही. स्वयंपाकघरात उभे राहून लापशी कोमट ठेवायची आणि वाटी तिच्यापर्यंत पोचवायची, एवढंच करत राहिले. उजाडायच्या सुमारास ताईची बोटं आखडली. तिने मान न वळवता सिरिंज मागे धरली. त्यांनी घेतली. पावशेरच्या गालात थेंब सोडताना ताईने त्यांचं मनगट धरून ठेवलं. थेंब गिळला गेला. मग दुसरा.

खिडकीत उजेड आला. बाहेर धुकं तसंच. ताई एकदम टॉवेलवर वाकली, काहीतरी उचललं आणि खिडकीशी नेऊन तळहातावर धरलं. सवयीने बोटाने एकेक उलटंसुलटं केलं, जसं ती पट्ट्यावर करायची.

“साइज बारीक आहे,” ती घसा बसलेल्या आवाजात म्हणाली, “पण माल चालू झालाय.”

माळीकाका हसायला गेले आणि त्यांना रडूच आलं. ताईने तिकडे लक्ष दिलं नाही. लेंड्या तिने कागदावर ठेवल्या, डॉक्टरीणबाईंना दाखवायला.

कामाला जायची वेळ झाली होती. कोट खुंटीवर नव्हता, खुर्चीवर घडी घालून ठेवलेला होता, वर झाकणाचा एक चपटा डबा, दोरी लावलेला, गळ्यात अडकवता येईल असा. माळीकाकांनी कोट उचलला. डाव्या खिशाचं तोंड जाड दोऱ्याने शिवून टाकलं होतं. टाके अगदी एकसारखे. ते सिंकपाशी लापशीची भांडी घासत असताना कधीतरी तिने ते घातले असणार.

त्यांनी कोट अंगात घातला. सळसळ झाली.

आणि टॉवेलमधून शिट्टी आली. बारीक, चिरकी, सुजलेल्या तोंडातून अर्धवट निघालेली. पावशेरने मान वर केली होती आणि ती त्यांच्याकडे, त्यांच्या डाव्या बाजूकडे बघत होती. तिला काहीच कळलेलं नव्हतं. तिच्या लेखी कोट म्हणजे अजून कोथिंबीरच होती.

रात्रभरात त्यांना कोणी इतकं लागेल असं काही बोललं नव्हतं. ताईने ताटलीतून गवताची एक कोवळी काडी उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली, उजेडाशी धरली आणि मग ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाकून पुढे केली. पावशेरने ती हुंगली, चावली, दुखलं म्हणून सोडली, पुन्हा धरली.

त्या दिवशी त्यांनी फेरी उलटी घेतली. आधी दातांचा दवाखाना. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, आज इतक्या लवकर कसे हो काका? कोपऱ्यातली ठिपकी उचलून त्यांनी जिन्यात नेली आणि तिच्या जागी मोठ्या खोलीतला नेचा आणून ठेवला. छोट्या खुर्चीखाली ओणवं होऊन हात फिरवला. एक सुकलेलं टोक सापडलं. ते डब्यात टाकलं आणि झाकण दाबून लावलं. मुलगी म्हणाली, काय हरवलं का? नाही, ते म्हणाले, आणि ती पुढे विचारणार तोच तिला सांगितलं की ते जिन्यातलं झाड आजच टेम्पोत जाईल, तोवर कोणाला हात लावू देऊ नका, आणि चुकून लावलाच तर हात धुवा. मुलगी हसली. तिला त्यांचा ओठाचा किस्सा पाठ होता, आता तोच येणार असं तिला वाटलं असावं. तो आला नाही.

मग बँक. मागचा जिना, तिसरा मजला. कर्जाच्या बाईंनी कप कुंडीवर तिरका धरला होता, त्यांना बघून सरळ केला. ठिपकीचं आणखी एक पान पिवळं पडत आलं होतं. माळीकाकांनी ते खुडलं, घडी घातली, तुकडे केले, आणि हात सवयीने खाली गेला. बोटं शिवणीवर अडली. मग डबा उघडला, तुकडे आत टाकले, झाकण लावलं आणि नळावर जाऊन साबणाने हात धुतले. परत आले. कॅन खाली ठेवला आणि पुढच्या कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसलं.

माती चिकटून आली. पाणी नको होतं.